मामांची वीत

नियम कागदावर वीस सेंटिमीटरचा होता, पण गेट नंबर तीनवर तो मामांच्या वितीने मोजला जायचा. आणि मामांची वीत म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. मामा स्टेडियमचे गेटकीपर. तरुणपणी फुटबॉलमध्ये गोलकीपर होते. आधी गोल राखला, मग गेट राखलं, दुसरं काही केलं नाही. पंजा असा, की हात मिळवायला गेलेल्याला आपला हात परत मिळतो की नाही याची धास्ती वाटावी. तो पंजा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला की सव्वीस सेंटिमीटर कुठे गेले नाहीत.

गेटवर पाटी होती: प्रेक्षकांनी वीस सेंटिमीटरपेक्षा लांब लेन्स आत नेऊ नये. मोठ्या लेन्स पासवाल्या फोटोग्राफरांच्या, ते खाली मैदानाच्या कडेला बसणार. प्रेक्षकाने गॅलरीत तसलं धूड आणलं की मागच्याला मैदान दिसत नाही, शिवाय फोटो काढून तो कुठे विकेल याचा नेम नाही, असं ऑफिसचं म्हणणं. मोजायला ऑफिसने मामांना स्टीलची पट्टी दिली होती. मामा तिने पाठ खाजवायचे.

"आणा इकडे," म्हणत मामा लेन्सवर वीत लावायचे. ताणून ताणून करंगळी पांढरी पडायची. मग मान डोलावून म्हणायचे, "बसली वितीत. जाऊ द्या तोफ आत."

ही तोफ ज्यांची, ते तोफवाले. हे नावही मामांनीच ठेवलेलं आणि पुढे साऱ्या गॅलरीने उचललेलं. वय पासष्टीच्या पुढचं, अंगाने काडी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि खांद्याला ती साडेपंचवीस सेंटिमीटरची जुनी, करडी, कडेने रंग उडालेली लेन्स. नाकापेक्षा मोती जड, असं त्यांची बायकोच म्हणायची. ते गॅलरीच्या सगळ्यात वरच्या रांगेत, मोठ्या घड्याळाच्या खाली बसायचे. मागे भिंत, म्हणजे कुणाच्या आड येण्याचा प्रश्न नाही. आणि इतकी वर्षं एवढं ओझं वर चढवून ते फोटो काढायचे फक्त एका मुलीचे. आपल्या मुलीचे.

तिचं घरातलं नाव भिंगरी. चार वर्षांची असताना एका जागी उभी राहील तर शपथ. तिच्या बापाचं दुकान होतं पासपोर्ट फोटोचं. एकच खोली, निळा पडदा, फिरतं स्टूल, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तोफवाले म्हणायचे, "हनुवटी जरा खाली. श्वास सोडा. आता मनातल्या मनात आपलं नाव घ्या." का, तर नाव घेतलं की डोळ्यांत माणूस येतो. शहरातल्या निम्म्या लोकांनी त्या स्टुलावर बसून मनात आपलं नाव घेतलेलं आहे. फक्त भिंगरीचा फोटो त्या दुकानात कधी धड निघाला नाही. प्रत्येक वेळी हलायची. शेवटी बापाने हात टेकले आणि म्हणाला, "ही बसल्याचा फोटो निघणार नाही. हिचा धावतानाचाच काढला पाहिजे." म्हणून ती जुनी तोफ घेतली, आणि म्हणूनच कदाचित पोरगी धावत राहिली.

आता ती सव्वीस वर्षांची होती. क्रीडा हॉस्टेलमध्ये राहायची, दीड हजार मीटर धावायची, महिन्यातून दोनदा घरी यायची. दमली की तिचा डावा खांदा वर जायचा आणि पाऊल आखडायचं. कोच घसा फोडून सांगायचे, पण तिला ते पटायचं बापाच्या फोटोत बघूनच. शर्यत झाली की दोघं गॅलरीच्या जिन्याखाली, नळाशेजारच्या बाकावर बसायची आणि कॅमेऱ्याच्या त्या चिमुकल्या पडद्यावर एकेक फोटो बघायची. "भिंगरे, खांदा!" एवढंच ते म्हणायचे. आणि शर्यतीआधी तिची एक सवय होती. रेषेवर उभं राहायच्या आधी ती वळून घड्याळाखाली बघायची आणि एक हात वर करायची. बाप तोफेआडून एक हात वर करायचा. झालं. "तू वरून बघतोयस हे माहीत असलं की माझं पाऊल सरळ पडतं, बाबा," असं ती म्हणायची.

आणि इथेच सगळी गोम होती. बाबा बघत नव्हता. म्हणजे बघत होता, पण त्याला दिसत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक बाई दुकानात परत आल्या आणि पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "काका, आठच्या आठ फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत." तोफवाल्यांनी फोटो हातात घेतले, उजेडाकडे धरले, लांब धरले, जवळ धरले. त्यांना बाईंचे केस दिसले, कानातले दिसले. डोळे उघडे की मिटलेले, ते काही कळेना. डॉक्टरने तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा बरोबर मधला भाग झिजलाय, दोन्ही डोळ्यांत, आणि तो परत येत नाही. कडेचं दिसत राहील. म्हणजे झालं असं, की ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसेना. माणसाकडे बघितलं की त्याचे खांदे दिसायचे, मागचं दार दिसायचं, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. चाळीस वर्षं ज्याने चेहरेच बघितले, त्याच्या नशिबी हे यावं! त्याच आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं. लोकांना आणि पोरीला सांगितलं, चाळीस वर्षं झाली, आता पुरे.

पण तोफेतून दिसायचं. तोफ डोळ्याला लावली की लांबचं माणूस एवढं मोठं व्हायचं की डागाला ते पुरं झाकता यायचं नाही. डाग नाकावर बसला तरी कपाळ उरायचं, खांदे उरायचे, गुडघे उरायचे. फोकस कॅमेरा स्वतःच जमवायचा. त्यामुळे फोटोही बरे यायचे आणि पोरीला संशय यायचं काही कारण नव्हतं. बाकावर तो चिमुकला पडदा ते तिच्या हातात द्यायचे आणि तोफेतून बघितलेलं आठवून "खांदा!" म्हणायचे. घरात तोफवाले बायकोचा चेहरा आठवणीवर बघायचे, पण चारशे मीटरच्या मैदानापलीकडून आपल्या लेकीचा डावा खांदा त्यांना स्वच्छ दिसायचा. या जगात त्यांना स्वच्छ दिसणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

पोरीला का सांगितलं नाही? त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हा भिंगरी हॉस्टेल सोडून घरी आली आणि चार महिने हलली नाही. तिचा अख्खा मोसम वाया गेला. जाताना बजावून गेली, "परत घरात कुणाला काही झालं तर मी कायमची येणार. धावणं काय, कधीतरी सुटणारच आहे." तोफवाल्यांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. बायकोला गळ घातली की पोरीच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये.

"अहो, सांगून टाका एकदाचं," ती म्हणायची. "आज ना उद्या कळणारच."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," हे म्हणायचे.

"मूठ झाका हो. पण तिला वाटतंय आत हिरा आहे, आणि आत आहे नुसता घाम."

बायको गप्प बसणारी नव्हती. तिने एक छोटी दुर्बीण आणली. दुर्बिणीला कुठल्याच गेटवर मनाई नसते, ओझं नाही की वीत लावणं नाही. तोफवाल्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. एक तर फोटोग्राफरने दुर्बीण लावून बसायचं म्हणजे आचाऱ्याने घरून डबा आणून खाण्यासारखं. दुसरं म्हणजे, भिंगरी वर बघणार, तिला बापाच्या डोळ्याला दुर्बीण दिसणार, आणि ती विचारणार, का? तोफेला कुणी का विचारत नव्हतं. ती दुर्बीण मोज्यांच्या खणात पडून राहिली.

मग तो दिवस आला. देशाच्या संघाची निवड होती. पहिली येईल ती जाणार, बाकीच्यांनी घरी बसायचं. हॉस्टेलची वयाची अट यंदा संपत होती, त्यामुळे भिंगरीला पुढची निवड काही मिळाली नसती, हे तिला माहीत होतं, कोचना माहीत होतं आणि घरात तर सगळ्यांनाच माहीत होतं. आदल्या दिवशी फोनवर ती म्हणाली, "बाबा, नेहमीच्या जागी बस हं. मी बघेन."

"तू माझ्याकडे बघू नकोस, समोर बघ," हे म्हणाले, आणि फोन ठेवून कितीतरी वेळ कापडाने तोफेची काच पुसत बसले.

सकाळी ते गेट नंबर तीनवर पोचले आणि सवयीने म्हणाले, "घ्या मामा, लावा वीत."

"मामा मागच्या महिन्यात रिटायर झाले, काका," एक कोवळा आवाज म्हणाला. "बॅग इकडे द्या."

आवाजावरून मुलगी पंचविशीची असेल. निळा शर्ट तेवढा दिसला, आणि खांद्यावरून लोंबणारी शिंप्याची टेप. तिने तोफ टेबलावर आडवी ठेवली, एका टोकाला अंगठा दाबला आणि टेप ओढली.

"साडेपंचवीस भरतंय, काका. वीसच्या वर जमणार नाही."

"अहो ताई, दहा वर्षं हीच लेन्स या गेटातून आत जातेय. विचारा कुणालाही."

"जात असेल. पण आज निवड आहे, वर साहेब बसलेत. आजच्या दिवसात तुमच्यासकट चौघांना अडवलंय. तुम्हाला सोडलं तर ते तिघं मला खातील." बोलता बोलता ती बॅगेचे कप्पे तपासत होती. "आणि हे काय! दुर्बीण आहे की तुमच्याकडे. ही न्या ना आत, हिला काही नियम नाही."

तोफवाल्यांना कळेना. मग लक्षात आलं. बायकोने पहाटे बॅगेच्या तळाशी सरकवलेली असणार.

ती पोरगी चांगली होती, हे सांगायलाच हवं. तिने आवाज जरा खाली आणला आणि विचारलं, "काका, लांबचं नीट दिसत नाही का? तसं असेल तर सांगा. मी साहेबांना विचारून येते. डोळ्यांची अडचण असली तर सोडतात. नाहीतर पुढच्या रांगेत तरी बसवते."

एक वाक्य. मला दिसत नाही, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. मागे रांगेत आठदहा माणसं, त्यातली निम्मी ओळखीची. कुणीतरी मागून म्हणालंच, "काय तोफवाले, आज तोफ अडली वाटतं?" आणि या माणसाचं डोकं फिरलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

"मला काय आंधळा समजलीस?" ते ओरडले. "चाळीस वर्षं फोटो काढलेत मी! ठेव ती लेन्स, ठेव ती दुर्बीण, दोन्ही ठेव. डोळे आहेत मला."

पोरीने दोन्ही वस्तू फळीवर ठेवल्या आणि एक पितळी बिल्ला त्यांच्या हातात दिला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ बघितले, पण या माणसाने घरून आणलेलं भांडं दुसऱ्याच्या फळीवर ठेवून दिलं आणि रिकाम्या हाताने आत गेला.

जिना चढताना त्यांनी मनाशी हिशेब केला. भिंगरीने विचारलं तर सांगता येईल की तोफ गेटवर अडवली. ते खरंच आहे. तिची जर्सी पिवळी. हॉस्टेलची जर्सी पिवळीधमक असते, ती डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसेल. पिवळं जिकडे जाईल तिकडे बघायचं. झालं तर मग, साडेतीन-पावणेचार फेऱ्यांचा तर प्रश्न आहे.

पण पिवळ्या जर्सी दोन होत्या. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कारण तोफवाल्यांना सांगणारं कुणी नव्हतं. हॉस्टेलची आणखी एक मुलगी, भिंगरीच्याच खोलीत राहणारी, ऐनवेळी शर्यतीत आली होती.

घड्याळाखाली बसल्यावर त्यांनी मान जरा तिरकी केली. मधोमध राखाडी डाग, आणि त्याच्या कडेने लाल धावपट्टी, हिरवळ, समोरची गॅलरी. माणसं म्हणजे रंगाचे ठिपके. लाउडस्पीकरवर नावं नव्हती, छातीवरचे नंबर पुकारत होते. भिंगरीचा नंबर किती, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. तो नंबर ते नेहमी तोफेतून वाचायचे. आत्ता ती वळून हात वर करत असेल, असं वाटलं तेव्हा त्यांनी हात वर केला. बराच वेळ वर धरला. शेजारच्या माणसाला वाटलं, पोरींना शुभेच्छा देताहेत.

बार उडाला. ठिपक्यांचा झुबका निघाला. त्यात पिवळं आलं, गेलं, परत आलं. तोफवाले जिवाचा कान करून ऐकत होते. "पुढे कोण आहे?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"पिवळी आहे की पुढे! दिसत नाही का?"

"दिसतंय हो," ते म्हणाले.

शेवटच्या फेरीची घंटा झाली, आणि लगेच पलीकडच्या वळणावर काहीतरी घडलं. सगळी गॅलरी एकदम "अरेरे!" म्हणाली. कुणीतरी पडलं होतं. तोफवाल्यांनी घाबरून विचारलं, "पिवळी... पिवळी धावतेय ना?"

"सुसाट!" शेजारी म्हणाला. त्याचे डोळे पुढे धावणारीवर होते, आणि पुढे पिवळी होतीच.

तोफवाल्यांनी सुस्कारा सोडला. बिचारी, कुणाची तरी पोर, असं त्यांच्या मनात आलं. तिचाही बाप इथेच कुठेतरी बसला असेल. आणि मग पिवळा ठिपका सरळ पट्टीवर आला, एकटाच, मागच्यांना कितीतरी अंतर टाकून, तेव्हा त्यांना काही सुचेना. ते उभे राहिले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवू लागले. "भिंगरी! अगं भिंगरे!" पासष्टीचा माणूस लहान पोरासारखा जागच्या जागी उड्या मारत होता. "माझी मुलगी आहे ती!" त्यांनी शेजाऱ्याला मिठी मारली. शेजाऱ्याने पाठ थोपटली, पुढच्या रांगेतले वळून हात मिळवू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आभाळ त्यांना ठेंगणं झालं होतं.

शर्यत संपून दोनतीन मिनिटं झाली, तेव्हा गॅलरीत पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, पण वेगळ्या, सावकाश, एका लयीत. "ती पडलेली पोर उठून येतेय," कुणीतरी म्हणालं. "लंगडतेय बिचारी, पण सोडत नाही." तोफवाल्यांचं मन तेव्हा इतकं भरलेलं होतं की त्यांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या.

मग ते जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसले. भिंगरी लवकर आली नाही. बक्षीस घेत असेल, फोटो काढत असतील, असं म्हणत त्यांनी वाट बघितली. तिची पावलं त्यांना लांबूनच ओळखू यायची, डोळे गेल्यापासून तर जास्तच. आता जी पावलं आली ती एक जड, एक हलकी, ओढत येणारी होती. दुसरंच कुणीतरी असेल म्हणून त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा."

ते ताडकन उठले. "आलीस! काय धावलीस गं! काय धावलीस! शेवटच्या पट्टीला तर मागे कुणी नव्हतंच. आणि खांदा? खांदा जरासुद्धा वर नाही! मी म्हणत होतो ना, जमेल म्हणून? अगं, बोल की काहीतरी!"

नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"फोटो दाखव ना, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"तोफ अडवली गं गेटवर. मामा रिटायर झाले. पण फोटो कशाला हवेत? डोळ्यांनी बघितलं ना मी सगळं."

"सगळं बघितलंस?"

"सगळं."

"बाबा, ती मी नव्हते." तिचा आवाज अगदी हळू होता. "मी घंटेनंतर लगेच पडले. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी तशीच पडून राहणार होते. कोच पण हाताने खूण करत होते, राहू दे म्हणून. मग मी घड्याळाकडे बघितलं. तू उभा होतास. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होतास, उड्या मारत होतास. तुझ्या डोळ्याला तोफसुद्धा नव्हती. मला वाटलं, बाबाने फोटो काढायचा सोडलाय आणि मला म्हणतोय, ऊठ. म्हणून मी उठले."

तोफवाले बाकावर बसले. आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी तिचा हात चाचपडून धरला आणि सगळं सांगितलं. दुकान का बंद केलं ते सांगितलं, डाग सांगितला, आईला गळ घातली ते सांगितलं. "मला वाटलं तू धावणं सोडशील," ते म्हणाले आणि रडू लागले. ती त्यांच्याशेजारी बसली, एक पाय लांब सोडून. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्यांचा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा पट्ट्यांत गुंडाळलेला होता, वर बर्फाची पिशवी होती, आणि आत तो नारळाएवढा सुजलेला त्यांच्या बोटांना लागला. तेवढं मात्र त्यांना अगदी स्वच्छ कळलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. भिंगरी त्यानंतर धावली नाही. लिगामेंट पडतानाच पुरतं तुटलं की उठून ती पाऊण फेरी ओढली तेव्हा, हे डॉक्टरला सांगता आलं नाही. भिंगरी म्हणते, पडतानाच. आई म्हणते, पडतानाच. तोफवाले काहीच म्हणत नाहीत. त्यांना जे वाटतं ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं, आणि घरातल्या दोघींना ते वाचता येतं.

पण त्या दिवशी अजून घरी जायचं होतं. दोघं एकमेकांना धरून गेट नंबर तीनवर आले. तोफवाल्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला. फळीजवळ तीच मुलगी होती. सकाळचं बोलणं तिने मनात ठेवलेलं नव्हतं, किंवा ठेवलं असलं तरी दाखवलं नाही. तिने तोफ आणि दुर्बीण दोन्ही आणून समोर ठेवली आणि हसत म्हणाली, "काका, वरून खाली येणारा जो तो सांगतोय, तोफवाल्यांची मुलगी पहिली आली म्हणून. पेढे कधी?"

भिंगरी काहीतरी बोलणार होती. तोफवाल्यांनी तिचा हात दाबला.

"नाही हो, ताई," ते म्हणाले. मागे माणसं उभी होती, ओळखीचीही असतील. "ती पहिली आली नाही. ती पडली. मला दिसलं नाही. मला डोळ्यांनी दिसत नाही, दोन वर्षं झाली."

मुलीचा हात तोफेवरच राहिला.

"अहो काका," ती म्हणाली, "मग सकाळी सांगायचं ना! मी सोडलं असतं."

तोफवाल्यांनी मान हलवली. भिंगरीने पुढे होऊन तोफ उचलली, आपल्या खांद्याला लावली आणि लंगडत बापाला घेऊन गेटाबाहेर पडली.